काडेपेटी भरणारे हात

आरतीची वेळ झाली की आपल्या मंडळात दरवर्षी न चुकता एक वस्तू हरवते. निरांजनात वात असते, तूप असते, तबक सजलेले असते, टाळ-झांजा घेऊन मंडळी उभी असतात, आणि पुढून कोणीतरी ओरडते, "अहो, काडेपेटी कुठंय?" मग इकडे शोध, तिकडे शोध. शेवटी मांडववाल्याच्या नाहीतर आचाऱ्याच्या खिशातून ती निघते आणि 'सुखकर्ता' सुरू होते.

गेल्या वर्षी ही शोधाशोध माझ्या वाट्याला आली. सापडलेली पेटी आरतीनंतर मी सहज उलटून पाहिली. बाजूला बारीक अक्षरांत कोविलपट्टीचा पत्ता होता. आपण चेन्नईकर मराठी माणसे शिवकाशी म्हटले की फटाके म्हणतो. फार तर कॅलेंडरे आणि देवादिकांच्या तसबिरी आठवतात. पण शिवकाशीचा छपाईचा धंदा मुळात वाढला तो काडेपेटीवरच्या चित्रांमुळे. फटाकेही तिच्याच पाठीवरून आले. शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी या कोरड्या टापूतले मूळ दैवत म्हणजे तीप्पेट्टी, आपली काडेपेटी.

काडेपेटीच्या इतिहासात शोधकांची नावे असतात, कारखानदारांची असतात, छाप्यांची असतात. मला त्यातला एकच प्रश्न पडला होता. काडी तयार झाल्यावर ती पेटीत कोण भरते? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे गेलो तर लंडनहून सुरू होऊन आपल्या अड्यारवरून शिवकाशीला आणि तिथून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

सुरुवात लंडनच्या पूर्व भागातल्या बो या वस्तीत करू. तिथे ब्रायंट अँड मे कंपनीचा काड्यांचा मोठा कारखाना होता. कामगारांत बहुतेक बायका आणि मुली, त्यातल्या पुष्कळशा आयर्लंडहून आलेल्या कुटुंबांतल्या. काड्या कापणे, पेट्यांत भरणे, पेट्यांचे पुडे बांधणे ही कामे त्यांच्याकडे. रिकाम्या पेट्या तर कारखान्यात होतही नसत. आसपासच्या घरांतल्या बायका-मुले त्या घरी बसून चिकटवीत. ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, सव्वादोन पेन्स मिळत आणि खळ व दोरा ज्याचा त्याने आणायचा.

२३ जून १८८८ रोजी 'द लिंक' नावाच्या छोट्या साप्ताहिकात या कारखान्याबद्दल एक लेख आला. लेखिका होत्या ॲनी बेझंट. होय, त्याच आपल्या बेझंटबाई. तेव्हा त्यांना थिऑसॉफी ठाऊकही नव्हती म्हटले तरी चालेल, त्या समाजवादी चळवळीत होत्या. लेखात त्यांनी मजुरीचे आणि दंडाचे आकडेच मांडले. सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला चार शिलिंग. पाय मळलेले असले तर तीन पेन्स दंड. बाकावर जळक्या काड्या ठेवल्या तर एक शिलिंग. सकाळी उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. आणि भागधारकांना त्याच काळात शेकडा वीसच्या वर लाभांश. एका मुलीचा दंड मात्र वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. यंत्रात बोटे सापडू नयेत म्हणून तिने हात मागे घेतला, तेवढ्यात यंत्रावरचा पट्टा गुंडाळला गेला. तिला एक शिलिंग दंड झाला आणि बोटांचे राहू दे, यंत्राची काळजी घे, असे सांगण्यात आले.

कंपनीने बायकांकडून 'हे सारे खोटे आहे' अशा कागदावर सह्या मागितल्या. त्यांनी दिल्या नाहीत. एकीला कामावरून काढले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे चौदाशे बायका-मुली कारखान्याबाहेर आल्या. शे-दोनशे जणी चालत फ्लीट स्ट्रीटच्या बाजूला बेझंटबाईंच्या ऑफिसपर्यंत गेल्या. पंधरवड्यात कंपनी नमली. दंड बंद झाले, मजुरीतली कपात बंद झाली, आणि जेवायला वेगळी जागा मिळाली.

ही शेवटची मागणी किरकोळ वाटेल, पण तिचे महत्त्व सर्वांत मोठे होते. काडीच्या गुलात तेव्हा पांढरा फॉस्फरस असे. त्याच हातांनी, त्याच बाकावर भाकरतुकडा खाल्ला की तो तोंडात जाई. वाफाऱ्याने तर जाई​च. दात दुखू लागत, मग जबड्याचे हाड सडू लागे. इंग्रज कामगार त्याला 'फॉसी जॉ' म्हणत. पांढऱ्या फॉस्फरसला पर्याय ठाऊक नव्हता असे नाही. तांबडा फॉस्फरस वापरून सुरक्षित काडी करण्याची युक्ती स्वीडनमध्ये १८४४ पासून होती. पण ती महाग पडे. १९०६ च्या बर्न करारानंतर देशोदेशी पांढऱ्यावर बंदी आली. ब्रिटनमध्ये ती १९१० पासून अमलात आली आणि हिंदुस्थानात त्यासाठी १९१३ चा कायदा झाला.

या संपाचे श्रेय बरीच वर्षे एकट्या बेझंटबाईंना देत. लुईज रॉ या अभ्यासक बाईंनी अलीकडे जुनी कागदपत्रे तपासून दाखवले की संप उभा केला तो त्या बायकांनीच. लेख ही ठिणगी असेल, पण समिती कारखान्यातल्या बायकांची होती. त्यातल्या सारा चॅपमन या पुढे काडेपेटी कामगार बायकांच्या युनियनतर्फे ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये प्रतिनिधी म्हणून गेल्या. १९४५ मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांना गरिबांच्या सामाईक कबरीत पुरले, वर नावाचा दगडही नव्हता. जुलै २०२२ मध्ये त्या कारखान्याच्या इमारतीवर संपाची आठवण सांगणारी निळी पाटी लागली. इमारतीत आता राहती घरे आहेत.

त्याच दशकात आपल्या मुंबईत काय चालले होते? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आपण आज रविवारी मंडळाच्या बैठका घेतो, त्यांचे ऋण त्यांच्याकडे आहे. पण इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडचा १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या, शंभर माणसांच्या वरच्या कारखान्यांसाठी होता. त्यात मुलांचे किमान वय सात ठेवले होते, ते १८९१ मध्ये नऊ केले. ज्या जागी पट्टा फिरत नाही, चाक घुमत नाही, नुसते हात चालतात, ती जागा कायद्याच्या नजरेतून कारखानाच नव्हे. हात भरत असतात ती खोली कायद्याला दिसत नाही, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा येणार आहे.

बेझंटबाई नोव्हेंबर १८९३ मध्ये सिलोनहून हिंदुस्थानात आल्या. त्यांचे पहिले पाऊल पडले ते तुतिकोरिनला. पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभही आपण १८९३ चाच मानतो (भाऊसाहेब रंगारींच्या बाजूचे वाचक १८९२ म्हणतील, त्या वादात मी पडत नाही). पुढे १९१६ मध्ये लोकमान्यांनी एप्रिलात आणि बाईंनी सप्टेंबरात आपापली होमरूल लीग काढली. बाईंचे ठाणे आपले अड्यार. त्यांच्या 'न्यू इंडिया'त काम करणारे मुंबईचे पारशी गृहस्थ बी. पी. वाडिया यांनी २७ एप्रिल १९१८ रोजी पेरंबूरच्या गिरणी कामगारांची मद्रास लेबर युनियन स्थापन केली. देशातली पहिली व्यवस्थित बांधलेली कामगार युनियन म्हणून तिचे नाव घेतात. म्हणजे बो वस्तीतल्या काडेपेटीवाल्यांच्या संपाचा एक धागा आपण रोज ज्या रस्त्याने जातो त्या अड्यार-पेरंबूरपर्यंत आला खरा. पण काडेपेटीपर्यंत मात्र तो आला नाही. बाई जिथे उतरल्या त्या तुतिकोरिनच्या मागच्या कोरडवाहू मुलखात त्यांच्या हयातीतच काडेपेटीचा धंदा सुरू झाला. त्याला लंडनचा संप कोणी सांगितला नाही.

तो धंदा कसा आला ते थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या काड्या मुख्यतः स्वीडन आणि जपानच्या. १९२२ मध्ये सरकारने आयात जकात चांगलीच वाढवली. त्यामुळे स्वीडिश काडीसम्राट इव्हार क्रॉयगर यांच्या कंपनीने काड्या पाठवण्याऐवजी इथेच करायच्या ठरवल्या आणि १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, निघाली. आपल्यापैकी जे कल्याण-अंबरनाथकडचे आहेत त्यांना अंबरनाथचा विमकोचा कारखाना सांगायला नको. आणि जे इथे मेट्रोने फिरतात त्यांनाही नको, कारण निळ्या मार्गाच्या उत्तर टोकाचे नावच विमको नगर आहे. तिरुवोत्रियूरला त्यांचा कारखाना होता. 'शिप' छाप काडेपेटी त्यांचीच.

त्याच सुमारास शिवकाशीचे दोन तरुण, अय्या नाडार आणि षण्मुग नाडार, कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचे काम शिकून आले. कलकत्त्यात जपानी पद्धतीचे छोटे कारखाने होते. परत आल्यावर त्यांनी पाहिले की या गावात पाऊस नाही, त्यामुळे शेतीला काम नाही. पण पाऊस नाही म्हणजे हवा कोरडी, काड्या लवकर वाळतात. आणि काम नाही म्हणजे हात रिकामे. दुष्काळाचे भांडवल करणे यालाच म्हणतात, आणि मी ते टोचून म्हणत नाही. त्या धंद्याने कित्येक घरांची चूल पेटती ठेवली हे खरेच आहे.

हाताच्या काडेपेटीची कृती अशी. बारीक चिरलेल्या लाकडी काड्या खाचा पाडलेल्या पट्ट्यांत एकेक करून बसवायच्या. पट्ट्यांवर पट्ट्या रचून चौकट आवळायची. ती मेणात आणि मग गुलाच्या रसायनात बुडवायची. वाळली की चौकट सोडवायची. मग काड्या पेटीत भरायच्या, पेटीच्या बाजूंना तांबड्या फॉस्फरसचा लेप द्यायचा, आणि पेट्या मोजून डझनाचे पुडे, पुड्यांचे गठ्ठे बांधायचे. १९३४ मध्ये काडेपेटीवर अबकारी कर बसला तेव्हा प्रत्येक पेटीला कराची कागदी पट्टी चिकटवणे हे एक काम वाढले. बुडवणे आणि रसायन कालवणे ही पुरुषांची कामे. बाकी जवळजवळ सगळे बायकांचे आणि मुलांचे. पेटीच्या आतबाहेरच्या भागांना खळ लावणे तर लंडनसारखेच घराघरांत. आणि मजुरीही लंडनसारखीच, ग्रोसवर.

भरण्याचे कसब बघण्यासारखे असते. मोजत बसायला वेळ नसतो. ढिगातून मूठ उचलायची, ती बरोबर पेटीभर असते. गुल सगळे एका बाजूला, काड्या सरळ. अंगठ्याने दाबून आत, खण बंद, पुढची पेटी. कोरडे गुल एकमेकांवर घासले तर मूठच्या मूठ पेट घेते. म्हणजे हात जलदही हवा आणि हलकाही हवा. अशा कामाला आपण 'अकुशल' म्हणतो.

आता कोणी म्हणेल, यंत्र नव्हते म्हणून हाताने भरत असतील. तसे नाही. स्वीडनच्या अलेक्झांडर लागरमान यांनी १८९२ मध्येच काडीपासून भरलेल्या पेटीपर्यंतचे सगळे काम करणारे यंत्र तयार केले होते. मग नंतरची शंभर वर्षे शिवकाशीत हात का चालले? एक, हात यंत्रापेक्षा स्वस्त होते. दोन, सरकारने यंत्राच्या काडेपेटीपेक्षा हाताच्या काडेपेटीवर कर कमी ठेवला. हेतू चांगला होता, छोट्या उद्योगाला स्वीडिश कंपनीपुढे टिकता यावे हा. तो साधलाही. आणि तीन, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात वीज नसलेल्या जागेसाठी वीस माणसांची अट होती. वीसच्या आत ठेवले की जागा कारखान्यात मोजली जात नाही. घरात तर मोजणीचा प्रश्नच नाही. १८८१ ची तीच न दिसणारी खोली.

या खोल्यांत मुले होती. १९८३ मध्ये स्मितू कोठारी यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त शिवकाशीवर लेख लिहिला. त्यांच्या अंदाजाने तिथे पंचेचाळीस हजारांच्या घरात मुले काडेपेटी-फटाक्यांच्या कामावर होती. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान कारखान्यांच्या बसगाड्या खेड्याखेड्यांतून मुलांना गोळा करीत. मुलांत मुलींची संख्या जास्त. मुलगा शाळेत आणि मुलगी काडीवर, हे गणित आपल्याला परके वाटू नये. आपल्या सोलापूर-नगरच्या विडी वळणाऱ्या घरांत वेगळे नव्हते.

गंमत (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) अशी की याच सात्तूर मतदारसंघातून १९५७ आणि १९६२ मध्ये कामराज निवडून आले होते. शेजारच्या विरुदुनगरचे. स्वतः लहानपणी शाळा सुटलेले. मुख्यमंत्री म्हणून त्यांनी शाळेत दुपारचे जेवण सुरू केले, गावोगाव शाळा काढल्या. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी जेवणाची ती योजना खूपच मोठी केली. शाळा होती, जेवण होते, तरी पहाटेची बस भरून जात होती. मायरन वीनर या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात याचे कारण गरिबीपेक्षा दुसरीकडे दाखवले. अधिकारी, कारखानदार, शिकलेली माणसे यांच्याशी बोलल्यावर त्यांना जाणवले की या मुलांनी हातांनीच काम करायचे असते, असे वरच्या लोकांना मनातून वाटते. आम्हा मराठी वाचकांना हे फुल्यांनंतर नवे नाही, पण बाहेरच्या माणसाने सांगितले की जास्त लागते.

आता या हकीकतीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. एम. सी. मेहता या वकिलांनी शिवकाशीच्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. तोपर्यंत १९३८ चा कायदा होऊन गेला होता, १९८६ चा बालकामगार कायदा आला होता आणि दोन्हींत काडेपेटीचे उत्पादन मुलांना मना होते. ३१ ऑक्टोबर १९९० रोजी न्यायालयाने निकाल दिला. काड्या आणि फटाके तयार करण्याच्या कामात मुले नकोत, हे ठासून सांगितले. पण पुढे म्हटले की मुलांचे कोवळे हात तयार माल निवडायला आणि पॅकिंगसाठी नीट करायला जास्त योग्य असतात, म्हणून पॅकिंगला मुले ठेवायला हरकत नाही. मात्र पॅकिंगची जागा कारखान्यापासून दूर हवी. मजुरी मोठ्यांच्या किमान वेतनाच्या निदान साठ टक्के द्यावी आणि पन्नास हजारांचा विमा उतरवावा.

न्यायमूर्तींचा हेतू मुलांना आगीपासून लांब ठेवण्याचा होता, याबद्दल शंका नाही. विमा, मजुरी, शिक्षण, सगळ्याचा विचार त्यात आहे. पण 'कोवळे हात' हा शब्द देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलला होता तो कारखानदारांच्या तोंडचा. चौदा वर्षांच्या मुलीची बोटे तिच्या आईच्या बोटांपेक्षा चपळ असतात, हे कोणी मोजून पाहिले होते? आईच्या हाताला शंभर टक्के द्यावे लागतात आणि मुलीच्या हाताला साठ, एवढे मात्र निकालातच लिहिले होते. आणखी एक बारकावा पाहा. १९३८ च्या कायद्याच्या यादीत सिमेंटपुढे स्पष्ट लिहिले आहे, 'सिमेंट पोत्यांत भरणे धरून'. म्हणजे भरणे हा उत्पादनाचाच भाग आहे हे कायदा लिहिणाऱ्यांना बावन्न वर्षे आधी कळत होते. सिमेंटची धूळ पोती भरणाऱ्याच्याच छातीत जास्त जाते. काडेपेटीपुढे तसे लिहायचे राहिले, आणि त्या फटीतून पॅकिंग बाहेर पडले.

नंतर शिवकाशीतल्या एका फटाका कारखान्यात जीवघेणा अपघात झाला आणि न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. १० डिसेंबर १९९६ च्या निकालात सूर बदललेला दिसतो. धोक्याच्या उद्योगातून प्रत्येक मूल काढायचे, मालकाने मुलामागे वीस हजार रुपये निधीत भरायचे, सरकारने घरातल्या मोठ्या माणसाला काम द्यायचे नाहीतर पाच हजारांची भर घालायची. न्यायमूर्ती हंसारिया यांचा हा निकाल आजही वाचण्यासारखा आहे. २०१६ मध्ये कायदा सुधारून चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी झाली. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करण्याची सवलत मात्र ठेवली. सवलत १९३८ मध्ये होती, १९८६ मध्ये होती, आजही आहे. खोली अजून तिथेच आहे.

इथे मी स्वतःबद्दल थोडे सांगतो, कारण ते न सांगता हा लेख पुरा करणे बरे नाही. १९९० च्या त्याच निकालानंतर दोन वर्षांनी मी या शहराबाहेरच्या एका कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनिअर म्हणून लागलो. हातात स्टॉपवॉच, वय चोवीस, तमिळ जेमतेम. पहिले काम मिळाले ते साबणाच्या पॅकिंगच्या टेबलांचा टाइम स्टडी करण्याचे. तिथे कंत्राटाच्या तीसेक बायका साबणाच्या वड्या खोक्यांत भरत. मी तीन दिवस मोजले, सरासरी काढली, टक्केवारी लावली आणि तासाचे टार्गेट वाढवून दिले. रिपोर्टात कामाच्या रकान्यात 'अकुशल' असे मीच लिहिले. साहेब खूश झाले. आठवड्याने त्यातल्या एक वयस्क बाई, ज्यांना सगळ्याजणी अक्का म्हणत, माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "सार, रिकामी खोकी आणायला आम्ही गोडाऊनमध्ये जातो, तो वेळ कुठं धरलाय?" मी रिपोर्ट काढून पाहिला. धरलाच नव्हता. त्या तीन दिवसांत माझ्या सोयीसाठी एका पोऱ्याने खोकी टेबलाशी आणून ठेवली होती. मी "बघतो" म्हणालो. रिपोर्टवर सह्या झाल्या होत्या. मी बघितले नाही. टार्गेट तसेच राहिले, आणि पुढच्या वर्षी मी दुसऱ्या नोकरीवर गेलो.

आपल्यातले बरेच जण आज ओरगडम-श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात आहेत. गोदामातल्या पॅकिंगच्या टेबलावर आता स्टॉपवॉच घेऊन कोणी उभे राहत नाही. हातातला स्कॅनरच वेळ मोजतो. रिकामे खोके आणायला गेलेला वेळ तो कुठे धरतो, हे तुम्ही तुमच्या ठिकाणी विचारून पाहा.

काडेपेटीच्या मुलखात दरम्यान पुष्कळ बदलले. गुलात बुडवण्याची आणि पेट्या भरण्याची यंत्रे आली. लाकडी पेटी जाऊन पुठ्ठ्याची आली. हाताच्या आणि यंत्राच्या काडेपेटीवरचा जीएसटी २०२० मध्ये सारखा झाला, म्हणजे हाताला मिळणारी जुनी सवलत संपली. दोन पिढ्या ज्या कारणाने हात टिकले त्यातले एक कारण गेले. वीस रुपयांखालच्या परदेशी लायटरने धंदा इतका मारला की कोविलपट्टीकरांनी आरडाओरडा केला, तेव्हा जून २०२३ मध्ये त्या लायटरच्या आयातीवर बंदी आली. १ डिसेंबर २०२१ पासून काडेपेटी एक रुपयाची दोन रुपयांना झाली. त्याआधीची वाढ २००७ ची, पन्नास पैशांवरून एक रुपया. चौदा वर्षे एकाच किमतीला राहिलेली दुसरी वस्तू घरात शोधून सापडणार नाही. भाव दुप्पट करताना कारखानदारांनी पेटीतल्या काड्या छत्तीसवरून पन्नास करायचे ठरवले. वर्तमानपत्रांत पोटॅशियम क्लोरेट, मेण, पुठ्ठा यांचे वाढलेले भाव सविस्तर आले होते. पेटीमागे चौदा काड्या जास्त भरणाऱ्या हाताला ग्रोसमागे किती वाढले, ते मी बरेच शोधले. भावाच्या बातम्यांत तो आकडा नव्हता.

यंदाच्या खरेदीची यादी माझ्याकडे आहे. कापूर, वाती, तूप, उदबत्ती, आणि खाली 'काडेपेट्या एक डझन'. कोषाध्यक्षांनी विचारले, "एवढ्या कशाला हो?"

"हरवतात," मी म्हणालो.